बाबांच्या फोनचा आवाज

माझ्या सासऱ्यांनी मला स्वतःहून काही हातात दिलं असेल, तर तो त्यांचा फोन. एडवणला घराच्या ओटीवर ते जाळं सांधत बसले होते. मी बुटांचे बंद सोडत होतो, तेवढ्यात ते उठले, आत गेले, फोन घेऊन आले आणि माझ्या हातावर ठेवला. ‘बग,’ म्हणाले आणि परत जाऊन जाळ्याशी बसले.

फोन चालू होता. व्हिडिओ कॉलचं ॲप मात्र उघडत नव्हतं. या फोनवर आम्ही आता चालणार नाही, कृपया नवा फोन घ्या, असं त्यावर अगदी सभ्य मराठीत लिहिलेलं. लिहिणाऱ्याचं काय जातंय! इकडे एका म्हाताऱ्या माणसाची संध्याकाळ गेली होती.

कारण आमच्या घरात संध्याकाळी मुलीला भरवणं आणि बाबांचा व्हिडिओ कॉल या दोन गोष्टी एकत्र चालायच्या. आम्ही बोईसरला, ते एडवणला. आमची तीन वर्षांची कार्टी एक घास खाणार, दोन घास थुंकणार आणि तिकडे स्क्रीनवर आजोबा खूश होऊन बघत बसणार. बायको त्यांना विचारायची, ‘बाबा, जेवलात? गोळी घेतलीत?’ ते म्हणायचे, ‘जेवलो, घेतली.’ रोज हेच. त्यात नवीन काही नसायचं, पण ते झाल्याशिवाय त्या घरात अंथरूण घातलं जायचं नाही. आता ते बंद झालं होतं. सासूबाई मला हळूच म्हणाल्या, ‘येल झाली का तो फोन घेऊन बसतात. काय दिसत नाय तरी बसतात.’

नवा फोन घ्यायचा की! घेतला होता ना. बायकोने मोठ्या हौसेने घेऊन दिला. दोन दिवस त्यांनी तो वापरला, मग पुसून, खोक्यात घालून कपाटात ठेवून दिला. ‘आवाज नाय त्यात,’ हा निकाल. त्यांच्या जुन्या फोनला पुढच्या बाजूला वर एक आणि खाली एक असे दोन मोठे स्पीकर होते. तो वाजला की शेजारच्या घरातली मांजर उठायची. नवे फोन सगळे कागदासारखे पातळ, त्यांचा आवाजही तसाच. बाबा आयुष्यभर बोटीवर ड्रायव्हर, म्हणजे खाली इंजिनाच्या उशाला बसलेला माणूस. त्यांना आवाज म्हणजे आवाज लागतो, असं सगळेच म्हणायचे.

‘मी बघतो,’ असं म्हणून मी फोन बरोबर घेतला. बायकोने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की, झालं, आता याने काहीतरी लचांड गळ्यात घेतलं.

घेतलं खरं, आणि त्यामागे माझा स्वार्थ होता. मी जळगावकडचा. तारापूरच्या एका केमिकल कंपनीत इन्स्ट्रुमेंट विभागात आहे. मीटर आणि गेज बरोबर दाखवतात की नाही हे तपासायचं, हेच माझं काम. बायको मच्छीमाराच्या घरातली. बोईसरच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये आमचं जमलं. दोन्हीकडे नाकं मुरडून झाली, पण लग्न झालं. बाबा लग्नाला आले, अक्षता टाकल्या, आणि एक शब्द बोलले नाहीत. त्यानंतरही नाही. मी एडवणला जायचो, शेजारी बसायचो, कंपनीतलं सांगायचो, गावाकडचं सांगायचो, मासे कसे आहेत विचारायचो. ते माझ्याकडे बघायचे, ‘हां’ म्हणायचे आणि सुई पुन्हा जाळ्यात घालायचे. काहीही सांगा, हां. एकदा मी सांगितलं की माझ्या वडिलांचं ऑपरेशन झालं. त्यावरही हां, आणि वर हसले! त्या दिवशी मी परतीच्या वाटेवर केळव्यापासून पालघरपर्यंत बायकोशी बोललो नाही. माणूस रागावला असेल तर असू दे, म्हटलं, पण एवढा?

तेव्हा हा फोन म्हणजे माझ्यासाठी आलेली संधी होती. फोन चालू झाला की सासरे बोलतील, असं साधं गणित.

आता हे काम काय असतं ते सांगतो. फोन बनवणारी कंपनी दोन-तीन वर्षांनी त्या फोनवरून हात झटकते. पण अँड्रॉइडचा मूळ कोड खुला असतो. कुणीही उतरवून घ्यावा, बदलावा, आपल्या फोनसाठी नवी आवृत्ती बांधावी. ऐकायला किती गोड वाटतं! म्हणजे वांगी, तेल, मसाला, सगळं फुकट. भरीत तुमचं तुम्ही करा. प्रत्यक्षात चूलच सापडत नाही. कारण प्रत्येक फोनचा कॅमेरा वेगळा, स्पीकर वेगळा, स्क्रीन वेगळी, आणि त्यांना हलवणारे जे बारीक प्रोग्राम असतात ते कंपन्या उघडे करत नाहीत. ते जुन्या फोनमधून जसेच्या तसे उचलायचे आणि नव्या कोडला गोडीगुलाबीने सांगायचं की बाबा, यांच्याबरोबर संसार कर. ते करत नाहीत. भांडतात.

या मॉडेलसाठी जगाच्या पाठीवर कुठल्यातरी माणसाने अर्धं काम करून इंटरनेटवर ठेवलं होतं आणि तो गायब झाला होता. जाताना लिहून गेलेला: कॅमेरा चालत नाही, आवाज कधी येतो कधी येत नाही, जे कराल ते स्वतःच्या जबाबदारीवर. मला तो माणूस फार आवडला. निदान खोटं तरी बोलला नाही.

बाबांच्या फोनवर थेट प्रयोग करायची छाती नव्हती. बोईसर स्टेशनजवळच्या एका रिपेअरिंगवाल्याकडे तसलाच एक फोन मिळाला, पाठ फुटलेला. दुकानदार म्हणाला, ‘भाईसाब, इसका तो पार्ट भी नहीं मिलता, क्या करोगे इसका?’ ‘सासऱ्यांना देणार,’ मी म्हटलं. त्याने माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं.

कोड उतरवायलाच आमच्या केबलवाल्याच्या इंटरनेटने आठवडा खाल्ला. अर्ध्यात तुटायचं, परत जोडायचं. लॅपटॉपची जागा संपली, वेगळी डिस्क आणली. मग बांधणी सुरू केली तर मेमरी पुरेना, लॅपटॉप मध्येच मान टाकायचा. मेमरी वाढवली. मग तो इतका तापायला लागला की बायको म्हणाली, ‘बाजूला सरक जरा, त्यावर बोंबील सुकत घालते.’

आणि शुक्रवार! आमच्या तारापूरच्या कारखान्यांना सुट्टी शुक्रवारी. देशभर लोक रविवारी लोळतात, आम्ही शुक्रवारी. साहजिकच मी शुक्रवारी सकाळी चहा पिऊन मोठ्या उत्साहाने बांधणी लावायचो. तास-दीड तास छान आकडे पळायचे आणि खट्ट! वीज गायब. कारण कारखाने बंद असतात म्हणून दुरुस्तीसाठी वीज घालवतात तीही शुक्रवारीच. हे मला माहीत नव्हतं का? इतकी वर्षं बोईसरला राहतोय, माहीत होतं. तरी दर शुक्रवारी मी तेच करायचो, कारण घरात असायचो तेवढाच दिवस. इन्व्हर्टर पंखा आणि ट्यूबलाइट सांभाळायचा, लॅपटॉपचा भार आला की ओरडायचा. शेवटी बायकोने शाळेत मुलांना सांगतात तसं समजावलं. ती शाळेत शिकवते आणि तिचा आवाज तुम्हाला पुढच्या वर्गातही ऐकू येईल. ‘हे बघ, तू फर्स्ट शिफ्टला जाताना चालू कर. दुपारी मी आले की बघते. लाल अक्षरं, म्हणजे चूक, दिसली तर तुला मेसेज करते.’

त्यानंतर माझ्या फोनवर दुपारी एकच मेसेज यायचा. ‘लाल.’ कधी ‘लालच.’ एकदा ‘लालबुंद.’

एका दुपारी काहीच आलं नाही. मी घाबरलो, घरी फोन केला. ‘काय झालं?’ ‘काही नाही. हिरवं आहे,’ ती म्हणाली. मी कंपनीच्या गेटवर उभ्या उभ्या ओरडलो, तर वॉचमन धावत आला.

पाठ फुटलेल्या फोनमध्ये ती बांधलेली आवृत्ती टाकली तर लोगो येतो, जातो, येतो, जातो. नाकी नऊ आले. मग एका संध्याकाळी पडद्यावर अचानक विचारणा झाली, भाषा कोणती? मी मराठी निवडली आणि बायकोला मिठी मारली. मुलगी मध्ये घुसली. पण तो फोन होता ठार मुका. स्पीकरला किती जोर द्यायचा याच्या आकड्यांची एक फाइल असते, ती या मॉडेलची कुणाकडेच नव्हती. बाबांच्या फोनची सगळी नक्कल मी आधीच काढून ठेवली होती, त्यातून ती फाइल शोधून बसवली. आवाज आला, पण पिचका. आणखी महिना त्यात गेला. शेवटी कंपनीच्या सेफ्टी विभागाकडून गोंगाट मोजायचा मीटर मागून आणला, माझ्या कॅलिब्रेशनच्या खोलीत दोन्ही फोन समोरासमोर ठेवले आणि मोजलं. बाबांचा जुना आणि माझा नवी आवृत्ती चढवलेला, काटा एकाच जागी. मी मोजमाप करणारा माणूस आहे. मीटरने सांगितलं म्हणजे विषय संपला. तीच आवृत्ती मग बाबांच्या फोनवर चढवली.

शुक्रवारी उमरोळी, पालघर, माहीम, केळवे करत बाइकवर एडवण गाठलं. बाबांच्या हातात त्यांचा फोन दिला. बायकोने बोईसरहून कॉल लावला. ॲप उघडलं! लेक दिसली, नात दिसली, तिच्या गालाला लागलेला वरणभातही दिसला. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. मी छाती फुगवून बाबांकडे पाहिलं.

बाबा फोनकडे डोळे बारीक करून बघत राहिले. मग तो माझ्याकडे सरकवला. ‘आवाज नाय,’ म्हणाले.

‘बाबा, आहे की! हा काय वाजतोय!’ खरोखर वाजत होता. शेजारची बाई कुंपणापलीकडून आमची मुलगी आलीय असं समजून तिला हाका मारत होती, इतका वाजत होता.

‘आवाज नाय.’ आणि उठून गेले.

सासूबाईंनी ताट वाढलं. तळलेले बोंबील, तांदळाची भाकरी, जवळ्याची चटणी. ‘जेवा तुमी. त्यांचं काय मनावर घ्यायचं नाय,’ म्हणाल्या. पण मी घेतलं. दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या आणि मनावरही घेतलं.

पुढचे दोन महिने असेच. मी आवाज वाढवायचो, एडवणला न्यायचो, ‘आवाज नाय.’ एवढा वाढवला की स्पीकर खरखरायला लागला. तरी नाय! माझी खात्री पटली की हा माणूस मला मुद्दाम नाचवतोय. एका संध्याकाळी मी बायकोवर घसरलो. ‘तुझ्या बाबांना फोन नकोच आहे. त्यांना फक्त मला पाण्यात बघायचंय.’

‘मग सोडून दे ना,’ ती म्हणाली. ‘कोणी सांगितलंय तुला?’

‘सोडणार नाही!’

‘मग ओरडू नकोस.’

‘मी ओरडत नाहीये!’ हे मी ओरडूनच म्हटलं. मुलगी टाळ्या वाजवायला लागली. माझा आवाज मुळात बारीक, चढला की चिरकतो, त्याची तिला गंमत वाटते.

त्याच सुमारास मी आवाजाचा नाद सोडून दुसरंच काम हातात घेतलं. कॉल चालू असताना फोन फार तापायचा आणि चित्र अडखळायचं. व्हिडिओ उलगडून दाखवायला फोनमध्ये वेगळी सोय असते, ती माझ्या बांधणीत झोपून होती. सगळा भार एकट्या प्रोसेसरवर. त्यामुळे चित्र बोलण्याच्या मागे राहायचं. आमची कार्टी ‘आजा’ म्हणायची आणि तोंड नंतर उघडायची. मला ते तेवढं महत्त्वाचं वाटत नव्हतं, फक्त बॅटरी लवकर संपू नये म्हणून दुरुस्त केलं. लाल, लाल, लालच, मग हिरवं. एडवणला जाऊन फोन दिला आणि यावेळी मी काही विचारलंच नाही. ओटीवर पाय सोडून बसलो आणि समोरच्या नारळाकडे बघत राहिलो.

बायकोचा कॉल आला. बाबांनी उचलला. थोडं बघितलं. मग त्यांचा चेहरा असा काही उजळला की काय सांगू. ‘आता कसा!’ म्हणाले. ‘आता आवाज आला!’

मी कपाळाला हात लावला. आवाजाला मी बोटही लावलं नव्हतं. घरी येऊन पुन्हा पुन्हा तपासलं. ती फाइल जशी होती तशीच. मग आवाज आला कुठून? मला आनंद व्हायला हवा होता, पण मीटर चुकीचं दाखवत असला की मला चैन पडत नाही. इथे तर मीटर बरोबर होता आणि माणूस वेगळंच सांगत होता.

उत्तर आमच्या मुलीने दिलं. दुसऱ्याच संध्याकाळी आम्ही तिघं बोईसरच्या स्वयंपाकघरात, बाबा तिकडे. बायको त्यांना शाळेतलं काही सांगत होती. मुलीने भाताने बरबटलेला हात उचलला आणि आमच्या फोनच्या कॅमेऱ्यावर थापला.

‘आवाज गेला,’ बाबा तिकडून म्हणाले.

बायकोने तिचा हात काढला.

‘हां, आला.’

कार्टीला खेळ सापडला. पुन्हा थाप. ‘गेला.’ काढला. ‘आला.’ थाप. ‘परत गेला, बग जरा.’ मुलगी खिदळत होती. बायको मध्ये बोलत होती, थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. मग तिने स्वतःच तळहाताने कॅमेरा झाकला आणि तिच्या नेहमीच्या खणखणीत आवाजात विचारलं, ‘बाबा, आज बोटीला काय मासळी आली?’

बाबांनी फोन डोळ्यांजवळ नेला. मग बाबा म्हणाले, ‘जेवलो. गोळी घेतली.’

बायको फोन तसाच ठेवून बाहेर गॅलरीत गेली. मी कॉल संपवला आणि तिच्यामागे गेलो. ती रडत होती. ‘मला कळलं कसं नाही? माझे बाबा आहेत ते. ते माझं तोंड बघत होते रे. मी काय बोलते ते ओठांवरून ओळखत होते.’

कळणार कसं? त्या घरात हळू बोलतो कोण? बोटीवर इंजिन आणि वारा, बाजारात गलका, त्यामुळे सगळी माणसं घरातही एकमेकांना समुद्रापलीकडून हाक मारल्यासारखी बोलतात. कोण किती ओरडतंय यावरून कुणाला शंका यायचं कारणच नव्हतं. बायको आणि सासूबाई काय विचारणार हे बाबांना वर्षानुवर्षं पाठ. मोठ्या स्पीकरचा जाडा आवाज थोडाफार पोचायचा, तो नव्या फोनमध्ये नव्हता; उरलेलं ते चेहऱ्यावरून वाचायचे. फोनवरचं चित्र अडखळलं की त्यांचं ऐकणं अडखळायचं, आणि कान गेलेत हे सांगायची लाज म्हणून ते फोनला दोष द्यायचे.

मग बायकोने डोळे पुसले आणि एकदम माझ्या तोंडाकडे बघायला लागली. ‘काय?’ मी विचारलं.

‘तुझ्या मिशा,’ ती म्हणाली.

मी हात वर नेला. माझ्या मिशा जरा भरघोस आहेत, वरचा ओठ त्यात दिसत नाही. त्यात मी हळू बोलणारा, आणि बोलताना समोरच्याकडे न बघता खाली बघत बोलणारा. लग्न झाल्यापासून मी त्या माणसाशेजारी बसून बोलत होतो आणि त्याला त्यातलं एक अक्षर पोचलं नव्हतं. माझ्या वडिलांचं ऑपरेशनही नाही. राग कसला नि काय! बिचारे जावयाचा मान राखून हां म्हणत होते, मधूनच हसत होते. मला इतकं वाईट वाटलं की मीच बायकोच्या खांद्यावर डोकं ठेवलं.

‘काप त्या,’ ती म्हणाली.

‘मिशीला हात लावणार नाही. फोन नीट करीन.’

‘अरे, हट्टाला काही सीमा?’

नाही, नव्हती. पण माझ्या मनात एक गोष्ट आली होती. कंपनीचा फोन सगळ्यांच्या कानांसाठी असतो. हा फोन मी बांधलेला. त्यातला प्रत्येक आकडा माझ्या हातात. मग तो एकाच माणसाच्या कानाच्या मापाचा का करू नये?

त्यासाठी आधी कान मोजायला हवा, आणि बाबांनी कानाच्या डॉक्टरकडे जाणं म्हणजे समुद्र आटणं. ‘मना काय झालाय?’ हे ठरलेलं. तेव्हा सासूबाईंनी आणि मी मिळून एक थाप रचली. थापही म्हणता येणार नाही, कारण खरीच होती. सासूबाई त्यांच्या तोंडासमोर उभ्या राहून म्हणाल्या, ‘फोनचं सेटिंग करायला कानाचं माप लागतं. जावय सांगतात.’ फोनसाठी म्हटल्यावर बाबा मुकाट्याने धुतलेला शर्ट घालून तयार. पालघरला डॉक्टरांनी त्यांना काचेच्या खोलीत बसवलं आणि वेगवेगळे सूर ऐकवले. बाहेर कागद आला, त्यावर एक रेघ. जाडे आवाज थोडेफार येतात, बारीक आवाजांकडे रेघ घसरत घसरत तळाला गेलेली. इंजिनाने खाल्लेले कान असेच असतात, डॉक्टर म्हणाले, मशीन लावा. बाबांनी कानात मशीन घालायला साफ नकार दिला. पण कागद मी घेऊन आलो.

आयुष्यभर मी हेच करत आलोय. मीटर कुठे किती कमी दाखवतो ते बघायचं आणि तिथे तेवढी भर घालायची. त्या रेघेत जिथे खड्डा, तिथे फोनच्या आवाजाला उचल दिली. जिथे बरं ऐकू येतं तिथे गप्प ठेवलं. आधी मी मूर्खासारखा सगळाच आवाज वाढवत होतो, म्हणून तो नुसता खरखरायचा. आता मला स्वतःला तो फोन ऐकवेना, पत्र्यावर चमचा घासल्यासारखा वाजायचा. बायको कानात बोटं घालून म्हणाली, ‘हे काय भयंकर!’ मी म्हटलं, ‘तुझ्यासाठी नाहीच आहे.’

शुक्रवारी तिघंही एडवणला गेलो. बाबांना ओटीवर बसवलं, फोन कानाला लावायला सांगितला. चित्र बंद. बायको त्यांच्या शेजारी उभी राहिली, आणि मी माझा फोन घेऊन मागच्या सुरूच्या झाडांतून थेट किनाऱ्यावर चालत गेलो, घर दिसेनासं होईपर्यंत. जेवलात का, असलं काही विचारायचं नाही हे मी ठरवलं होतं. ते उत्तर त्यांना पाठ होतं. कॉल लागला. समोर ओहोटी लागलेली होती. मी जे दिसत होतं तेच बोललो.

‘बाबा, मी किनाऱ्यावर आहे. इथे तीन कुत्री खेकड्यांच्या मागे धावताहेत.’

मला वाटलं, पोचलंच नाही, संपलं. सगळं फुकट.

‘दोन आपल्या आळीतले,’ बाबा म्हणाले. ‘तिसरा कुटला? काला हाय?’

‘हो. काळा आहे, बाबा. शेपूट तुटलेला.’

‘तो नाय आपला. तो वरच्या आळीचा.’ त्यांचा श्वास ऐकू येत होता. मग ते अगदी हळू बोलले. इतकं हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. ‘असा हाय व्हय तुजा आवाज? एवडा उंच माणूस, मना वाटलेलं जाडा असंल.’

मला हसूही आलं आणि रडूही आलं. ‘बारीकच आहे, बाबा.’

‘बरा हाय,’ ते म्हणाले. ‘लगीन झाल्यापासून येतोस, बाजूला बसतोस, येवडा बोलतोस. मी आपला हां हां करतो. काय बोलत होतास रे? ते सांग आता सगला.’

मी तोंड उघडलं. किती सांगायचं होतं, सुरुवात कुठून करावी ते ठरेना. लाटा दूर गेल्या होत्या, कुत्री ओल्या वाळूत उकरत होती, आणि मी फोन कानाला घट्ट धरून उभा होतो.

‘काय झाला?’ बाबा तिकडून ओरडले. ‘परत गेला का आवाज?’

‘नाही बाबा,’ मी म्हटलं, ‘आवाज आहे. मीच जरा थांबलोय.’